पायांशी बसण्याची विद्या

(पवित्र सप्ताहातील बुधवारी, मिरजगाव येथे रुग्णालयाच्या सभागृहात विश्वस्त, कर्मचारी व हितचिंतक यांच्यापुढे एका निवृत्त डॉक्टरांनी केलेले भाषण)



उद्या पवित्र गुरुवार आहे. संध्याकाळच्या उपासनेत धर्मगुरू आपले वरचे उपासनावस्त्र उतरवतील, कमरेला टॉवेल बांधतील आणि भाविकांपैकी काही जणांसमोर गुडघे टेकून त्यांचे पाय धुतील. परवा उत्तम शुक्रवार आणि रविवारी पुनरुत्थानाचा सण, म्हणजे ईस्टर. या दोन मोठ्या दिवसांच्या उंबरठ्यावर हा छोटासा विधी उभा आहे. त्याविषयी दोन शब्द बोलावेत, असे विश्वस्तांनी मला सांगितले, तेव्हा मी प्रथम संकोचलो. मी धर्मशास्त्राचा अभ्यासक नाही. आयुष्यभर लहान गावांतील रुग्णालयांत काम करून निवृत्त झालेला मी एक डॉक्टर आहे. आपल्यापैकी अनेक जण ख्रिस्ती नाहीत, हेही मला ठाऊक आहे. परंतु विचार करता मनात आले की, पाय हा विषय डॉक्टरांचाही आहे, वारकऱ्यांचाही आहे आणि ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांचाही आहे. तेव्हा त्या वाटेने मला थोडेफार बोलता येईल.

मूळ प्रसंग योहानाच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात आला आहे. वल्हांडण सण जवळ आला होता. प्रभू येशू आपल्या शिष्यांसह अखेरचे भोजन घेत होते. भोजन चालू असतानाच ते उठले, त्यांनी आपली बाह्यवस्त्रे काढून ठेवली, कमरेला रुमाल बांधला, गंगाळात पाणी ओतले आणि एकेका शिष्याचे पाय धुऊन ते रुमालाने पुसू लागले. धुळीच्या वाटांवर उघड्या चपलांनी चालणाऱ्या त्या काळातील माणसाचे पाय कसे असत, हे आपल्या भागातील माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. घरी आलेल्या पाहुण्याला पाय धुण्यासाठी पाणी देणे ही त्या देशातही रीतच होती. पाणी यजमान देई. धुण्याचे काम मात्र पाहुणा स्वतः करी, नाहीतर घरातील दास करी. यहुदी धर्मशिक्षकांच्या एका जुन्या विवरणात तर, आपल्याच समाजातील दासाकडूनही हे काम करवून घेऊ नये, असा दंडक सांगितला आहे. इतके ते हलके काम समजले जाई. अशा कामाला गुरू स्वतः बसले.

एक गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे. इतर तीन शुभवर्तमानांत त्या रात्रीचे मुख्य दृश्य भाकर आणि द्राक्षारस यांचे आहे. त्यातून प्रभुभोजनाचा विधी आला. योहानाने त्या भोजनाचे वर्णन करताना भाकर आणि द्राक्षारसाचा तो प्रसंग सांगितलेला नाही. त्या जागी त्याने पाणी, गंगाळ आणि रुमाल ठेवले आहेत. याच रात्री येशूंनी शिष्यांना, तुम्ही एकमेकांवर प्रीती करा, अशी नवी आज्ञा दिली. लॅटिन भाषेत आज्ञेला ‘मांदातुम’ म्हणतात आणि त्याच शब्दावरून पाय धुण्याच्या विधीला पाश्चात्त्य देशांत नाव पडले. म्हणजे या विधीचे मूळ नाव ‘आज्ञा’ असे आहे. त्याकडे केवळ एक हृद्य देखावा म्हणून पाहता येत नाही, ते यामुळे.

आपल्या परंपरेला पाद्य नवे नाही. षोडशोपचार पूजेत देवाला पाद्य अर्पण करतात. विवाहात वधूचे आईवडील वराचे पाय धुतात. द्वारकेच्या वाड्यात श्रीकृष्णाने सुदाम्याचे पाय धुतले ही कथा, आणि धर्मराजाच्या राजसूय यज्ञात आलेल्या अतिथींचे पाय धुण्याचे काम त्याने आपल्याकडे घेतले ही कथा, आपण कीर्तनांतून ऐकत आलो. त्र्यंबकेश्वराहून निघणारी संत निवृत्तिनाथांची पालखी अहिल्यानगरवरून (तेव्हाच्या अहमदनगरवरून) आपल्या मिरजगावमार्गे पंढरपूरला जाते. त्या दिवसांत वाटेवरील गावांमध्ये थकलेल्या वारकऱ्यांचे पाय चेपणारी, तेल लावून देणारी, फोडांवर पट्टी बांधणारी, तुटलेल्या वहाणा फुकट शिवून देणारी माणसे आपण पाहतो. वारीत भेटणारा माणूस कोणत्या जातीचा आणि किती वयाचा आहे, हे न विचारता वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. तेव्हा उद्याचा विधी आपल्या मातीला परका वाटण्याचे कारण नाही.

आता या विधीच्या इतिहासातील दोन-तीन गोष्टी सांगतो. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियम लिहिले. मठात येणाऱ्या सर्व पाहुण्यांचे पाय मठाधिपतीने आणि सर्व बंधूंनी धुवावेत, असे त्यांत आहे. आठवडाभर स्वयंपाकघरात राबलेल्या बंधूंनी आपली पाळी संपताना सर्वांचे पाय धुवावेत, असेही आहे. म्हणजे हे काम तेथे वर्षातून एकदाचे नव्हते. इ. स. ६९४ मध्ये स्पेनमधील टोलेडो येथे भरलेल्या धर्मपरिषदेने पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी पाळण्याची सक्ती केली. कॅथलिक पंथात १९५५ मध्ये पोप पायस बारावे यांनी पवित्र सप्ताहाच्या विधींची नवी मांडणी केली आणि पुढल्या वर्षापासून हा विधी गावोगावच्या संध्याकाळच्या मिस्सेत समाविष्ट होऊ लागला. काही प्रॉटेस्टंट पंथांत धर्मगुरूऐवजी भाविकच जोडीजोडीने एकमेकांचे पाय धुतात. आपल्या महाराष्ट्रात डहाणू येथे रुग्णालय चालवणारी ब्रेदरेन मंडळी याच परंपरेतील. १९७० मध्ये ती उत्तर भारतीय मंडळीत सामील झाली. धुणारा आणि धुवून घेणारा यांनी लगेच जागा बदलायची, ही त्यांची रीत मला फार अर्थपूर्ण वाटते.

राजेरजवाडेही हा विधी करीत. इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ सोळाव्या शतकात पवित्र गुरुवारी गरीब स्त्रियांचे पाय धूत असे. जितके राणीचे वय, तितक्या स्त्रिया बसवल्या जात. परंतु राणी येण्यापूर्वी धोबीखान्याचे सेवक ते पाय सुगंधी पाण्याने धूत, त्यानंतर दानधर्म खात्याचे दोन अधिकारी क्रमाने ते पुन्हा धूत, आणि मग राणी गुडघे टेकून बसे. तोवर त्या पायांवर धूळही उरलेली नसे आणि वासही. पुढे तेथील राजांनी पाय धुणे सोडून दिले. केवळ नाणी वाटण्याची प्रथा राहिली.

हे ऐकून आपल्याला हसू येईल. पण आपल्याकडे वेगळे काय होते? ज्या बारा जणांना उद्या समोर बसायचे आहे, ते घरून पाय स्वच्छ धुऊन, नखे कापून, नवे मोजे घालूनच येतील. त्यांचे काही चुकत नाही. आपले मळके पाय दुसऱ्याच्या हाती देण्याची लाज वाटणे हा मनुष्यस्वभाव आहे. मात्र त्यामुळे आपण एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. विधीत येणारे पाय धुतलेले असतात. न धुतलेले पाय रुग्णालयात येतात. म्हणून उद्याच्या विधीचा खरा अर्थ परवापासून सुरू होतो, आणि तो मंदिरापेक्षा आपल्या बाह्यरुग्ण विभागात अधिक कसोटीला लागतो.

येथे मला माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. गोष्ट जुनी आहे आणि या रुग्णालयातील नाही. मी तरुण होतो. मधुमेहाचे एक वयस्कर शेतकरी दर महिन्याला माझ्याकडे येत. मी त्यांना तात्या म्हणत असे. मी त्यांची रक्तातील साखर पाही, रक्तदाब मोजी, गोळ्या लिहून देई. आमचे चांगले जमत असे. प्रत्येक वेळी मी विचारी, “तात्या, पायांना काही त्रास?” ते म्हणत, “छे, पायांचं काहीच दुखत नाही बघा.” ते बाकावर बसत तेव्हा पाय आत ओढून घेत. ते शेतातून थेट आलेले असत, पायांना माती असे, वहाणा फाटलेल्या असत. डॉक्टरांसमोर पाय दिसू नयेत, एवढाच त्यांचा संकोच होता. आणि मलाही त्या पायांकडे पाहण्याची गरज वाटली नाही. माझे टेबल आमच्यामध्ये होते.

एके दिवशी त्यांना ताप भरला म्हणून दाखल करून घेतले. कक्षातील मावशींनी घमेल्यात कोमट पाणी आणले, त्यांच्या वहाणा काढल्या आणि त्या पाय धुऊ लागल्या. थोड्या वेळाने त्या माझ्याकडे आल्या आणि हळूच म्हणाल्या, “डॉक्टर, यांच्या तळपायात बाभळीचा काटा आहे. किती दिवसांचा आहे, देव जाणे. आतून वास येतोय. तुम्ही पाहिला नव्हता का?” मी पाहिला नव्हता. आजाराने तात्यांच्या पायांतील संवेदना केव्हाच गेली होती. दुखत नाही हे त्यांचे उत्तर खरे होते, आणि तेच त्यांच्या आजाराचे लक्षण होते. मला ते पुस्तकातून ठाऊकही होते. तात्यांचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. त्यांनी मला कधी दोष दिला नाही. मीच स्वतःला विचारत राहिलो. माझ्याजवळ पदवी होती, औषधे होती, आणि मला वाटते, तात्यांविषयी आपुलकीही होती. एक गोष्ट नव्हती. मी कधी खाली बसलो नव्हतो.

नम्रता हा मनाचा एक गोड भाव आहे, असे आपण समजतो. बोलणे मृदू असावे, हात जोडावेत, मी काही फार मोठा नाही असे म्हणावे, की झाली नम्रता. मी त्या काळी मृदू बोलत असे. परंतु योहानाने सांगितलेल्या प्रसंगात येशू आपल्या लहानपणाविषयी एक शब्दही बोलत नाहीत. उलट, तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते योग्यच आहे, असे ते सांगतात. पाय धुऊन झाल्यावर ते आपली वस्त्रे पुन्हा अंगावर घेतात आणि आपल्या जागी बसून शिकवू लागतात. त्यांनी आपले गुरुपण नाकारले नाही. ते घेऊन ते पायांपर्यंत गेले. डॉक्टरांनीही आपले ज्ञान विसरायचे नाही. ते ज्ञान रुग्णाच्या शरीराच्या सर्वांत खालच्या, सर्वांत लपवलेल्या भागापर्यंत न्यायचे, एवढेच. सेवेतील नम्रता ही पाहण्याची एक पद्धत आहे. उभ्या माणसाला तळपाय दिसत नाही. तो पाहायचा तर बसावेच लागते.

कुष्ठरोगाच्या सेवेने वैद्यकशास्त्राला हाच धडा शिकवला. डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये दाखवून दिले की, कुष्ठरुग्णाची बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत. संवेदना गेल्यामुळे न कळत होणाऱ्या जखमांनी ती नष्ट होतात. मग उपाय काय? रोज पाय पाहणे, पाण्यात भिजवणे, घट्टे घासून काढणे, ओलसर कातडीवर तेल लावणे आणि मऊ रबराच्या चपला वापरणे. आजही कुष्ठरुग्णांना हीच स्वयंकाळजी शिकवली जाते. घमेले, पाणी, तेल आणि फडके: मोठ्या शस्त्रक्रिया वाचवणारी साधने ही एवढीच आहेत. वर्ध्याजवळ सेवाग्राम आश्रमात महात्मा गांधींनी कुष्ठरोगाने पीडित असलेल्या परचुरे शास्त्रींना ठेवून घेतले आणि ते स्वतः त्यांच्या अंगाला मालीश करीत. राजकारणाचे एवढे ओझे डोक्यावर असलेल्या माणसाने हे काम दुसऱ्या कोणावर सोपवले नाही.

मधुमेहाने आज हाच प्रश्न घरोघरी आणला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यांच्यापैकी किती जणांचे पाय डॉक्टरांनी उघडे करून पाहिले असतील, याचा आपण प्रत्येकाने आपापल्या मनाशी अंदाज घ्यावा. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा एक साधा धागा तळपायाला टेकवून, कळते का, असे विचारायचे असते. बोटांच्या बेचक्यांत पाहायचे असते. रुग्णाला सांगायचे असते की, पाणी कोमट आहे की कढत, हे पायाने न पाहता कोपराने पाहा. बोटांमधली जागा कोरडी करा. वहाण पायात घालण्याआधी झटकून आत हात फिरवा. अनवाणी चालू नका. या सूचना पाच मिनिटांत देता येतात, मात्र त्या टेबलाच्या पलीकडून देता येत नाहीत.

आपल्या शेजारच्या तालुक्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांच्या कार्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. मेबल २०१० मध्ये आणि डॉ. रजनीकांत २०११ मध्ये आपल्यातून गेले. वेल्लोरला शिकलेल्या या दोघांनी खेड्यातील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. त्यांतील अनेक जणी निरक्षर होत्या, अनेक दलित समाजातील होत्या. डॉक्टरांकडे असलेले ज्ञान गावातील सर्वांत दुर्लक्षित स्त्रीच्या हाती सोपवणे, हेसुद्धा एक प्रकारचे पादप्रक्षालनच आहे, असे मी मानतो. आणि योगायोग असा की, ज्यांनी पाय गमावले त्यांच्यासाठी जयपूर फूट बनवण्याची कार्यशाळाही त्या प्रकल्पात उभी राहिली. शेतात अनवाणी चालता यावे, मांडी घालता यावी, उकिडवे बसता यावे, अशी त्या पायाची रचना असते. ज्याला पाय द्यायचा, तो माणूस कसा बसतो आणि कोठे चालतो, हे कोणीतरी आधी नीट पाहिले, म्हणूनच तो घडला.

आता मी एका नाजूक विषयाला हात घालतो. नम्रतेवर बोलणे सोपे असते, कारण ऐकणारे बहुधा आधीच खाली बसलेले असतात. आपल्या समाजात पाय धुण्याचे, घाण काढण्याचे, मेलेले जनावर ओढण्याचे काम पिढ्यान् पिढ्या काही जातींच्या माथी मारले गेले. महार वतनातील राबणूक कायद्याने संपायला १९५८ साल उजाडले. हाताने मैला साफ करवून घेण्याविरुद्ध २०१३ मध्ये पुन्हा नवा कायदा करावा लागला. आपल्या जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजापैकी बहुसंख्य कुटुंबांचे पूर्वज याच खालच्या मानल्या गेलेल्या वस्त्यांतून आले. ज्यांची सावलीही टाळली जात असे, अशा माणसाला खुर्चीवर बसवून एका मानाच्या व्यक्तीने त्याच्यापुढे गुडघे टेकावेत आणि त्याचे पाय हातात घ्यावेत, हे दृश्य आपल्या गावांत प्रथम घडले असेल, तेव्हा त्या बसलेल्या माणसाच्या मनात काय कालवाकालव झाली असेल, याची कल्पना करा.

म्हणून या विधीतील आज्ञा कोणासाठी आहे, हे विसरता कामा नये. ती वर असलेल्यासाठी आहे. त्या भोजनघरात दासाला कोणी म्हणाले नाही की, तू अधिक नम्र हो. जो गुरू होता तो उठला. आपल्या मावशींना आणि मामांना मी नम्रतेचा उपदेश करणार नाही. त्यांचे हात रोजच त्या पाण्यात आहेत. त्यांना उपदेशाऐवजी हातमोजे, वेळेवर पगार, बसायला खुर्ची आणि आपल्या नावाने मारलेली हाक मिळाली पाहिजे. नम्रतेचा धडा मला, वैद्यकीय अधिकाऱ्यांना, आणि विश्वस्त महोदय मला क्षमा करतील, तर विश्वस्त मंडळाला गिरवायचा आहे.

या प्रसंगात पेत्राची व्यक्तिरेखा मोठी मनोवेधक आहे. येशू जवळ येताच तो पाय मागे घेतो. आपण माझे पाय कदापि धुवायचे नाहीत, असे तो म्हणतो. पुष्कळ वर्षे मी ही पेत्राची नम्रता समजत होतो. काही वर्षांपूर्वी मी घसरून पडलो, खुब्याचे हाड मोडले आणि मला अंथरुणावर पडून राहावे लागले. तिसऱ्या दिवशी एक तरुण कक्षसेवक पाणी घेऊन आला आणि माझे पाय धुऊ लागला. मी म्हणालो, “अरे, राहू दे, मी करीन.” तो हसला. म्हणाला, “सर, तुम्हाला वाकता कुठं येतंय?” मी गप्प बसलो, आणि मला रडू आले. तेव्हा पेत्र मला समजला. त्याच्या नकारात आदर होताच, पण अहंकारही होता. देणारा राहणे सोपे असते. घेणारा होणे, आपली असहायता दुसऱ्याच्या हाती देणे, हे अवघड असते. आणि तात्या बाकाखाली पाय का ओढून घेत, तेही मला त्या दिवशी उमगले. ज्याने कधी कोणाकडून सेवा घेतली नाही, त्याच्या सेवेत नकळत उपकाराचा दर्प येतो. त्या दोन्ही जागा अनुभवलेला माणूस पाणी जरा हळुवार ओततो.

आणखी एका माणसाची आठवण करून देतो. त्या रात्री यहूदा इस्कर्योत त्या पंक्तीत होता. तो काय करणार आहे, हे येशूंना ठाऊक होते, असे योहान सांगतो. तो बाहेर गेला तो नंतर. म्हणजे त्याचेही पाय धुतले गेले. रुग्णालयात काम करणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. दारू पिऊन पडलेला, परिचारिकेला अपशब्द बोलणारा, मारामारीत जखमी झालेला, बिल बुडवून गेलेला आणि पुन्हा आजारी होऊन आलेला, असे सर्व जण आपल्या दारात येतात. त्यांच्या वागण्याची नोंद घ्यावी, गरज पडल्यास पोलिसांना कळवावे, कर्मचाऱ्यांचे रक्षण करावे, हे सर्व योग्य आहे. पण जखम धुण्यात भेद करता येत नाही. पात्रता पाहून केलेल्या कामाला सेवा म्हणता येत नाही. तो व्यवहार होतो.

पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये, आपल्या पहिल्याच पवित्र गुरुवारी, रोममधील बालगुन्हेगारांच्या सुधारगृहात जाऊन १२ तरुणांचे पाय धुतले. त्यांत २ मुली होत्या आणि ख्रिस्ती नसलेलेही होते. २०१६ मध्ये या विधीत स्त्रियांना अधिकृतपणे स्थान मिळाले. १७ एप्रिल २०२५ रोजी, दीर्घ आजारातून नुकतेच उठलेले हे वृद्ध गुरू रोमच्या एका तुरुंगात कैद्यांना भेटायला गेले. या वर्षी मला तुमचे पाय धुता येणार नाहीत, पण तुमच्याजवळ राहता येईल, अशा आशयाचे ते बोलले. चारच दिवसांनी, २१ एप्रिलला, त्यांचे देहावसान झाले. गुडघे वाकेनासे झाले, तरी माणसाला त्या पायांच्या जवळ जाता येते, एवढे त्यांनी जाता जाता दाखवून दिले. माझ्यासारख्या वय झालेल्या माणसाला त्याचा मोठा आधार वाटतो.

मित्रहो, आता मी थांबतो. पण थांबण्यापूर्वी एक विनंती करतो. आपल्या रुग्णालयाच्या आवारात उद्या पाय धुण्याचा विधी करावा, अशी सूचना काही हितचिंतकांनी केली असल्याचे मला समजले. सूचना चांगली आहे. मात्र माझी सूचना अधिक साधी आणि थोडी जास्त त्रासाची आहे. बाह्यरुग्ण विभागातील प्रत्येक तपासणी-खोलीत एक बुटके स्टूल ठेवावे. जवळ एक घमेले, कोमट पाणी आणि स्वच्छ टॉवेल असावा. मधुमेहाचा आणि कुष्ठरोगाचा जो रुग्ण येईल त्याच्या वहाणा काढाव्यात, दोन्ही पाय उघडे करावेत आणि ते डॉक्टरांनी स्वतः त्या स्टुलावर बसून पाहावेत. पाय मळलेले असतील तर आधी धुवावेत. गर्दीच्या दिवशी ते काम मावशींकडे जाईल, हे मला कळते. पण आठवड्यातील एक दिवस तरी पाण्यात हात डॉक्टरांचा असावा. विश्वस्तांनीही वर्षातून एकदा त्या स्टुलावर बसून पाहावे, आणि त्यासाठी पवित्र गुरुवारचीच वाट पाहू नये. पुढील वर्षाच्या अहवालात आपण तपासलेल्या रुग्णांची संख्या छापाल, तेव्हा तिच्या शेजारी, किती जणांचे पाय पाहिले, ही संख्याही छापावी.

तात्या आज नाहीत. पाय गेल्यावरही ते काही वर्षे काठी आणि लाकडी पायाच्या आधाराने माझ्याकडे येत राहिले. त्यानंतर प्रत्येक भेटीत मी त्यांचा उरलेला पाय हातात घेऊन पाहत असे. सुरुवातीला ते संकोचत. पुढे पुढे खोलीत शिरताच ते स्वतःच वहाण काढून पाय पुढे करू लागले. माझ्या व्यवसायात मला मिळालेला सर्वांत मोठा सन्मान मी तोच समजतो.

येणारा पुनरुत्थानाचा सण आपणा सर्वांना, सर्व धर्मांच्या बंधू-भगिनींना, आणि या क्षणी वरच्या कक्षांत झोपलेल्या आपल्या रुग्णांना सुखाचा जावो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.